साडूंचे मुके टॉवर

ऐकण्याचा इतका विचार केलेला आणि प्रत्यक्षात इतकं कमी ऐकलेला माणूस माझ्या साडूंखेरीज उभ्या बंगळुरात दुसरा असेल असं मला वाटत नाही. कोरमंगलापासून बेळ्ळंदूरपर्यंत निदान चाळीस-पन्नास घरांतले स्पीकर त्यांच्या सल्ल्यानं वाजताहेत. कुणाच्या स्पीकरला किती वॅटचा रिसीव्हर लागेल हे ते कागदावर मांडून देतात, बदल्यात अर्धा पेला कॉफी घेतात, आणि तो कागद घेऊन गेलेला माणूस पुढं दर दिवाळीला त्यांच्याकडं फराळाचा डबा पाठवतो. आणि या माणसाच्या स्वतःच्या हॉलमध्ये, खिडकीच्या दोन बाजूंना, छातीइतक्या उंचीचे दोन टॉवर स्पीकर सात वर्षं उभे होते आणि त्या सात वर्षांत त्यांतून खुट्ट म्हणून आवाज निघाला नव्हता. कारण काय, तर त्यांना साजेसा रिसीव्हर मिळत नव्हता. आलेला पाहुणा विचारायचा, हे वाजत नाहीत का? साडू म्हणायचे, वाजतील की, घाई काय आहे. घाई होती, पण ते आम्हाला सगळ्यांनाच फार उशिरा कळलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला लग्न होऊन इथं आल्यापासून सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणतो, आणि साडूंना अण्णा. मी पुण्याचा, नोकरीपायी दहा वर्षांपूर्वी बेळ्ळंदूरला येऊन पडलेला. साडूंचं घराणं मात्र चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलं आणि परत जायचं विसरलं. शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर आहे. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कानडी इतकी मुरली आहे की कुठली कुठं संपते ते त्यांनाही सांगता यायचं नाही. थोडं म्हणायचं असेल तिथं ते स्वल्प म्हणतात. आमच्या पुण्यात हा शब्द शाळेच्या व्याकरणात तेवढा उरला आहे. साडूंना तो दिवसातून पन्नासदा लागतो. कॉफीत साखर स्वल्प कमी, भिंत स्वल्प वाकडी, शेजाऱ्यांचा जावई चांगला पण स्वल्प बुटका. जगात जे काही आहे ते असायला हवं त्यापेक्षा स्वल्प कमी आहे, हे त्यांचं तत्त्वज्ञान म्हणा की तक्रार म्हणा.

यात त्यांच्या नोकरीचाही दोष असावा. तीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. बाजारात जाऊन दुकानदारांची मापं आपल्या मापांशी ताडून बघायची आणि कमी भरली की तसं लिहायचं, हे काम. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हात थांबलेला नाही. भाजीवाल्यानं पिशवी पुढं केली की ते ती दोन बोटांवर घेतात, क्षणभर आभाळाकडं बघतात आणि एक टोमॅटो आणखी मागून घेतात. भाजीवालाही मुकाट्यानं देतो. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी तिला उचललं, सगळ्या बायका आता हे कौतुक करतील म्हणून बघताहेत, आणि हे म्हणाले, तीन किलो चारशे. दवाखान्याच्या कार्डावर आदल्या दिवशीचं वजन तेवढंच होतं. माझ्या आईला हे मुळीच आवडलं नाही. तिनं त्या दिवशी दोनदा पोरीची दृष्ट काढली.

त्यांची सगळ्यांत अवघड सवय म्हणजे टाळी. कुठल्याही घरात पहिलं पाऊल टाकलं की साडू एकदाच, खणखणीत टाळी वाजवतात आणि मान तिरकी करून उभे राहतात. खोलीत आवाज किती घुमतो, भिंती किती परत फेकतात, पडदे किती पितात, हे त्यांना त्या एका टाळीत कळतं म्हणे. माझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा भटजींच्या आधी यांची टाळी झाली, आणि हॉल फार उघडा आहे, जाड सतरंजी घाला, असा आशीर्वाद मिळाला. इथवर ठीक आहे. पण एकदा आम्ही एका लांबच्या नातेवाइकांकडं भेटायला गेलो होतो, त्यांचे वडील तीन दिवसांपूर्वी गेले होते. भिंतीला टेकून दहा-बारा माणसं खाली मान घालून बसलेली. साडूंनी उंबरा ओलांडला आणि सवयीनं टाळी वाजवली. सगळ्यांनी माना वर केल्या. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. साडू मात्र सावकाश हात जोडत पुढं गेले, त्या घरच्या मुलाशेजारी बसले, बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बाहेर पडल्यावर मला हळूच म्हणाले, की सामान हलवलंय हो, खोली फार रिकामी वाजली. म्हातारबाबांची कॉट तिथून काढली होती. त्यानंतर मी त्या टाळीला हसणं जरा कमी केलं.

तर असा हा माणूस, याच्या हातात स्पीकर आणि रिसीव्हर पडल्यावर काय होणार. रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा, फोनचा आवाज घेऊन त्याला ताकद देणारा आणि स्पीकरांना पुरवणारा खोका. त्याची ताकद वॅटमध्ये मोजतात. लोक दुकानात जातात, खोक्यावर मोठा आकडा बघतात आणि उचलून आणतात. साडूंच्या लेखी हे पत्रिका न बघता पोरगी देण्यासारखं होतं. खोक्यावरचा वॅट म्हणजे लग्नाच्या जाहिरातीतला पगार, असं ते म्हणत. दोनच स्पीकर लावून, हवं तसं मोजून तो आकडा काढलेला असतो. पाच स्पीकर जोडा आणि मग बघा हातात किती येतात. मग ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते माप. आठ ओहमचा स्पीकर सोशिक, चार ओहमचा खादाड, तो बसल्या पंक्तीला दुप्पट ओढतो आणि वाढणाऱ्याचा हात भरून येतो. हे सगळं ते फुलस्केप कागदावर मांडत. वर श्री, डावीकडं स्पीकर, उजवीकडं रिसीव्हर, मध्ये खोलीची लांबीरुंदी, आणि खाली लाल शाईत जुळते किंवा जुळत नाही. जोडप्यांकडंही ते याच नजरेनं बघायचे. माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नाहून परतताना म्हणाले, मुलगी चार ओहमची आहे, मुलगा तापणार. वर्षभरात तो सहकारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला लागला, हा योगायोग असेल, पण मी तो साडूंना सांगितला नाही. नाहीतर त्यांनी कागदच काढला असता.

कमी ताकदीच्या रिसीव्हरचा त्यांना मनापासून राग. साधी समजूत अशी की जास्त वॅटनं स्पीकर जळतो. साडू म्हणत, उलट आहे. दुबळा खोका मोठ्या स्पीकरला जोडला आणि आवाज वाढवत नेला की तो दमतो, त्याचा आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजानं स्पीकरातला नाजूक भाग जळून जातो. यावरचं त्यांचं एक वाक्य सल्ल्याला येणाऱ्या कोरमंगलाच्या पोरांनी पाठ केलं होतं. "स्पीकर ताकदीनं मरत नाहीत साडूभाऊ, दुबळ्याच्या ओरडण्यानं मरतात." हे खरंही आहे. फक्त हे खरं त्यांनी इतकं उराशी धरलं की त्यापलीकडं त्यांना काही दिसेना.

आता ते टॉवर. सात वर्षांपूर्वी शिवाजीनगरातला एक जुना दुकानदार दुकान बंद करत होता. साडू आणि अक्का बाजाराला निघालेले, दुकानातून वीणेचा आवाज आला. अक्कांना वीणेचं वेड. पुण्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारच्या घरात एक बाई वीणा शिकवत. नव्या गावात, भाषा येत नाही, अशा त्या पहिल्या वर्षात अक्का भिंतीला पाठ लावून दुपारी ती वीणा ऐकत बसायच्या. त्या बाई गेल्या, घर पाडलं, तिथं चार मजले उभे राहिले. त्या दिवशी दुकानात अक्का स्टुलावर बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. साडूंच्या हातात कोथिंबीर सुकली. उठताना अक्का म्हणाल्या, असं काही आपल्या घरी असतं तर. तीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं मागितलेली ही पहिली वस्तू, हे साडूंनीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दोन टॉवर दोन रिक्षांत बसवून घरी आणले, एका रिक्षात एक, पट्ट्यानं बांधून, आणि स्वतः मागून स्कूटरवर. त्यांना वाजवणारा खोका मात्र दुकानदारानं आधीच कुणाला तरी दिला होता. साडू म्हणाले, सरी, म्हणजे बरं, खोका काय, मिळेल.

मिळाला नाही. म्हणजे मिळत गेले आणि नापास होत गेले. टॉवर चार ओहमचे आणि वर आळशी, थोड्या ताकदीत मोठा आवाज न देणारे. साडूंच्या कागदावर दीडशे खरे वॅट निघाले. पहिला रिसीव्हर वॅटला पुरला तर चार ओहमला तापला असता. दुसरा तापला नसता पण टीव्हीचं कपाट त्याला अरुंद, वरून हवा खेळायला वीतभर जागा पाहिजे. कपाट बदललं. तिसरा सगळ्यांत जुळला, तर दुकानातून आणायच्या दिवशी त्यांना कळलं की त्याच कंपनीचा पुढच्या वर्षी नवा येतोय, थोडा अधिक ताकदीचा. थांबूया की स्वल्प. अक्कांनी जुन्या सुती साडीची दोन झबली शिवून टॉवरना घातली. दर आयुधपूजेला, जेव्हा सगळं बंगळूर आपापल्या गाड्यांना आणि यंत्रांना हार घालतं, तेव्हा अक्का झबली काढून टॉवरना हळदकुंकू लावत, शेवंतीची माळ घालत, आणि म्हणत, देव झाले हो हे, आता पूजा तेवढी करायची. साडू हसत. मीही हसायचो. अक्का स्वयंपाकघरात फळीवरच्या छोट्या रेडिओवर वीणा लागली की हातातलं काम ठेवून ऐकायच्या.

मला स्वतःला त्यांनी तीन महिने हेलपाटे घालायला लावून सत्तर वॅटचा एक साधा रिसीव्हर आणि दोन छोटे स्पीकर घेऊन दिले. तुमच्या संसाराला हा पुरे, असं म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, हाच तुमच्या टॉवरना का नाही लावत? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घरच्या मुलीला भलतंच स्थळ सुचवलं.

मग गेल्या वर्षी आमच्या लक्षात यायला लागलं. बायको फोन करायची आणि अक्का भलतीच उत्तरं द्यायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून डाळ दोनदा करपली. छोटा रेडिओ आधी फळीवर होता, तो ओट्यावर आला, मग अक्कांच्या खांद्याजवळ आला. साडूंचं म्हणणं, रेडिओचा स्पीकर दुबळा झालाय. शेवटी बायकोच अक्कांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की उजवा कान जवळपास गेलेला आहे, डावा चाळीस डेसिबलनं उतरलाय आणि उतरत राहील. यंत्र लावा, बोलणं कळेल. अक्कांनी विचारलं, आणि वीणा? डॉक्टर म्हणाले, जी ऐकायची ती लवकर ऐकून घ्या. बायको घरी येऊन हे सांगताना रडली. मला वाटलं, आता तरी टॉवर वाजतील. साडू काय ते समजतील.

साडू चौथ्या दिवशी बेळ्ळंदूरला आले. तुंबलेल्या रस्त्यानं दोन तास बसमध्ये लटकून आलेला माणूस, दारात टाळी वाजवायलाही विसरला. पिशवीतून कागद काढला. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले, गणित बदललं साडूभाऊ. तिचा कान चाळीस डेसिबल उतरलाय, म्हणजे आपल्याला चाळीस चढवायला पाहिजेत. दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट. त्यांनी दुपटीच्या पायऱ्या मांडल्या होत्या, एक, दोन, चार, आठ, अशी तेरा वेळा दुप्पट, आणि खाली आकडा आला होता आठ हजार एकशे ब्याण्णव वॅट. त्याखाली लाल शाईत काही लिहिलं नव्हतं. एवढ्या वॅटमध्ये मैदानावरचा गणपती वाजतो. हॉल बारा बाय चौदाचा. "इतका मोठा घरातला रिसीव्हर कुणी करत नाही हो," ते म्हणाले. "मी सगळीकडं विचारलं." माणूस थट्टा करत नव्हता. त्यांनी खरोखर फोन फिरवले होते, बायकोचा जाणारा कान वॅटनं भरून काढायला.

मी तो कागद बघत राहिलो, आणि पहिल्या ओळीवर अडखळलो. पायऱ्या जिथून सुरू होत होत्या तिथं त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, हॉलमध्ये बसून साधं ऐकायला: एक वॅट. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, बरोबर आहे की, एरवी माणूस एक वॅटवरच ऐकतो. मी म्हटलं, मग दीडशे कशाला? ते म्हणाले, एकदम मोठा आवाज आला तर, सिनेमात स्फोट होतो, मृदंगावर थाप पडते, तेवढ्या क्षणाला ताकद शिल्लक पाहिजे, नाहीतर आवाज फाटतो. त्यांच्या घरात कधी कुणी स्फोटाचा सिनेमा बघितलेला मला आठवत नाही. साडू मराठी बातम्या बघतात आणि अक्का वीणा ऐकतात. सात वर्षं एका न होणाऱ्या स्फोटासाठी आम्ही ते टॉवर मुके ठेवले होते.

मी तापट माणूस आहे, पण साडूंवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "अण्णा, अक्कांचे कान तुमच्या वॅटची वाट बघत थांबणार आहेत का?" बायको आतून धावत आली. साडू कागदाची घडी घालत बसले, एक घडी, दोन घड्या, पार सुपारीएवढा होईपर्यंत. मग म्हणाले, कमी ताकदीवर लावलं आणि फाटलं, तर तिच्या कानात शेवटचं तेच राहील. ते मला नको आहे. आता एवढं बोलल्यावर माझा राग कुठला टिकायला. लाज मात्र वाटली, आणि ती अजून थोडी शिल्लक आहे.

पण ऐकलं नाही मी त्यांचं. रविवारी सकाळी माझा सत्तर वॅटचा खोका चादरीत गुंडाळला, बायकोला घेतलं, टॅक्सी केली आणि शिवाजीनगर गाठलं. अक्का दारातच होत्या. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी ओळखलं आणि जाऊन दोन्ही झबली काढली. साडूंनी रिसीव्हरकडं बघून तोंड फिरवलं. हा पेलणार नाही, तापेल, बंद पडेल. मी म्हटलं, पडू दे, माझा आहे. मी वायर सोलायला घेतली तर दोन मिनिटं त्यांनी बघितलं आणि मग राहवेना. सरका, असं कोण सोलतं, म्हणत चिमटा माझ्या हातातून घेतला. पुढचं सगळं त्यांनीच केलं. लाल लालला, काळी काळीला, प्रत्येक जोड ओढून बघितला, टॉवर बोटभर आत वळवले, खोक्याच्या वर वीतभर जागा आहे का ते खरोखर वीत लावून मोजलं. सात वर्षं मनात केलेलं काम ते करत होते, फक्त नको असलेल्या स्थळाबरोबर.

वीणा लागली. पहिल्यांदा आवाज इतका हळू की मलाही नीट कळेना. साडूंनी बटण फिरवत नेलं, अक्कांच्या तोंडाकडं बघत. आवाज वाढला, खिडकीची काच वाजायला लागली, आणि अक्कांनी एकदम डाव्या कानावर हात ठेवला. "अहो, दुखतंय. कमी करा." साडू गोंधळले. ऐकू कमी येणाऱ्याला मोठा आवाज दुखेल, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असंच असतं, उतरलेल्या कानाला हळू ऐकू येत नाही आणि मोठं सोसत नाही, मधल्या मध्ये अरुंदशी जागा उरते. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. साडू बटण मागं घेत गेले, आणि अक्का खुर्ची पुढं ओढत गेल्या, डावा कान टॉवरकडं करून, इतक्या पुढं की गुडघे लाकडाला टेकले. एका जागी त्यांनी हात वर केला. साडू थांबले. त्या आवाजात तर शेजारच्या खोलीत माणूस झोपला असता.

मग साडूंनी विचारलं, अगदी जवळ वाकून, दुकानात होतं तसं आहे का? अक्का म्हणाल्या, "तसंच आहे. स्वल्प लांबून येतंय." आणि डोळे मिटले. साडूंनी जाऊन रिसीव्हरच्या झाकणावर तळहात ठेवला. तापला असेल म्हणून बघत होते. दोन्ही बाजूंनी हात फिरवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "गार आहे. एक वॅटसुद्धा जात नाही." त्यानंतर ते स्वयंपाकघरात गेले आणि बाहेर आलेच नाहीत. कॉफी करत असतील असं आम्हाला वाटलं. अर्ध्या तासानं बायको बघायला गेली तर पातेलं रिकामं होतं आणि ते ओट्याला टेकून उभे होते. तिनं दूध तापायला ठेवलं.

रिसीव्हर मला परत मिळाला नाही, मी मागितलाही नाही. आता माझे छोटे स्पीकर बेळ्ळंदूरला मुके बसलेत आणि साडू त्यांच्यासाठी रिसीव्हर शोधताहेत. तीन बघितले, तिन्ही स्वल्प कमी भरले. मी म्हणतो, अण्णा, मला एक वॅट पुरे. ते म्हणतात, तुमचे कान चांगले आहेत, तुम्हाला चांगलाच पाहिजे. शिवाजीनगरला रोज दुपारी चार वाजता वीणा लागते. अक्कांची खुर्ची आता टॉवरला खेटूनच असते आणि एक हात लाकडावर ठेवलेला असतो. बोटांना पण ऐकू येतं म्हणतात त्या. डावा कान आणखी उतरला आहे. साडूंनी कागद मांडायचं सोडलं नाही, पण घरच्या टॉवरचा कागद पुन्हा काढला नाही.

टाळी मात्र आहे. पूर्वी ती दुसऱ्यांच्या घरात वाजायची, आता ते आपल्याच घरात शिरताना वाजवतात, आणि मान तिरकी करून भिंती ऐकत नाहीत, खुर्चीतल्या अक्कांकडं बघतात. अक्कांनी मान वळवली की चपला काढतात. गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर बाजारातून परत आलो. दारात त्यांनी भाजीची पिशवी माझ्याकडं दिली आणि टाळी वाजवली. अक्का खिडकीकडं बघत होत्या, तशाच बघत राहिल्या. साडू दोन पावलं आत गेले आणि पुन्हा वाजवली. अक्का वळल्या, आलात का म्हणाल्या, हसल्या. साडू परत दाराशी आले, चपला काढल्या, माझ्या हातातून पिशवी घेतली, सवयीनं दोन बोटांवर तोलली. मग हळूच मला म्हणाले, "तिला येतं ऐकू. पहिली टाळी माझीच स्वल्प कमी पडली."